पहिलाच १ मे? ठाण्या-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात दर ३० एप्रिलला कुणीतरी नवीन पोरगं विचारतंच, "ताई, उद्या सुट्टी नक्की कशाची?" नागपूरचा म्हणतो, महाराष्ट्र दिन. सोलापूरची म्हणते, कामगार दिन, माझे आजोबा गिरणीत होते. तिसरा आधी वार बघतो आणि शनिवार-रविवार जोडून येतायत का, हे मोजतो. तेवढ्यात जर्मनीच्या क्लायंटचा मेल येतो की उद्या त्यांच्याकडेही सुट्टी. अमेरिकेतला क्लायंट मात्र संध्याकाळच्या कॉलची आठवण करून देतो. ज्या देशात या दिवसासाठी माणसं फासावर गेली, तिथे तो कामाचाच दिवस आहे.

मी ठाण्याची. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते, त्यामुळे १ मे हा आमच्या घरात दिवाळीच्या खालोखाल. नव्याने इथे राहायला आलेल्यांनी तो झोपून घालवू नये असं मला वाटतं. निदान पहिल्या वर्षी तरी. काय, कधी, कसं करायचं ते सांगते.

१. सुट्टी कशाची, ते एकदा नीट समजून घ्या

या तारखेवर तीन थर आहेत आणि सगळ्यात खालचा फुलांचा आहे.

जुन्या रोममध्ये फ्लोरा नावाची फुलांची, वसंताची देवी होती. एप्रिलच्या २८ तारखेपासून मेच्या सुरुवातीपर्यंत तिचा उत्सव चाले. लोक रंगीत कपडे घालत, खेळ-नाटकं होत. उत्तरेकडे आयर्लंड-स्कॉटलंडात याच सुमाराला बेल्टेन. हिवाळाभर गोठ्यात कोंडलेली गुरं चरायला सोडण्याआधी दोन धुन्यांच्या मधून हाकलत न्यायची, म्हणजे वर्षभर रोगराई नाही. इंग्लंड-जर्मनीत गावाच्या मधोमध उंच खांब उभा करून, त्याला पानाफुलांनी सजवून भोवती नाचायची पद्धत. इंग्लंडच्या कर्मठ पार्लमेंटला हा नाच इतका खुपला की १६४४ मध्ये त्या खांबांवर बंदी आली. राजा परत गादीवर बसला तेव्हाच ते पुन्हा उभे राहिले. फ्रान्समध्ये आजही १ मेला लोक एकमेकांना मुगे नावाच्या पांढऱ्या, घंटेसारख्या फुलांची काडी देतात. फिनलंडमध्ये वसंत, विद्यार्थी आणि कामगार असे तिघांचे सण एकाच दिवशी उरकतात.

हे सगळं फार परकं वाटत असेल तर आमच्याकडची कोळीवाड्यातली होळी आठवा. झाडाचं उंच खोड वाजतगाजत आणायचं, सजवायचं, गावाने मिळून उभं करायचं आणि भोवती नाचायचं. फरक हवेचा. त्यांच्याकडे मेमध्ये बर्फ वितळून फुलं येतात. आपला वसंत फाल्गुन-चैत्रातच येऊन बसतो, आणि १ मेपर्यंत ठाण्यात वैशाख वणवा पेटलेला असतो. त्यामुळे वसंताचा थर आपल्या १ मेमध्ये दिसत नाही, असं मला बरीच वर्षं वाटायचं. तो कुठे दिसतो ते शेवटी सांगते.

दुसरा थर घामाचा. १८८४ साली अमेरिकेतल्या कामगार संघटनांच्या महासंघाने ठराव केला की १ मे १८८६ पासून कामाचा दिवस आठ तासांचा. तारीख हीच का? तिकडे शिकागोसारख्या शहरांत घरभाड्याचे करार १ मेला बदलायची रीत होती. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तसाच तो हिशेब बदलायचा दिवस. त्या १ मेला लाखो कामगार काम टाकून रस्त्यावर आले. ३ मेला शिकागोत मॅकॉर्मिकच्या कारखान्यासमोर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, कामगार मेले. त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या रात्री हेमार्केट चौकात भरली, ती संपत आली असताना कुणीतरी पोलिसांवर बॉम्ब टाकला. कुणी टाकला, ते आजतागायत उघड झालेलं नाही. तरी आठ जणांवर खटला चालला आणि ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी झाली: ऑगस्ट स्पाइस, आल्बर्ट पार्सन्स, अ‍ॅडॉल्फ फिशर, जॉर्ज एंगेल. पाचव्याने आदल्या दिवशीच कोठडीत जीव दिला. १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी उरलेल्या तिघांना माफी दिली आणि खटलाच न्यायाला धरून नव्हता, असं लिहून ठेवलं.

१८८९ मध्ये पॅरिसला जमलेल्या समाजवाद्यांनी ठरवलं की पुढच्या वर्षी १ मेला जगभर एकाच वेळी आठ तासांची मागणी करायची. म्हणजे पहिला जागतिक कामगार दिन १ मे १८९०. अमेरिकेच्या सरकारने मात्र १८९४ मध्ये आपला कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ढकलला. संध्याकाळचा कॉल रद्द का होत नाही, ते आता कळलं असेल.

इथे जरा थांबा, कारण ठाण्याचा माणूस इथे येतो. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८, ठाणे, फुलमाळी घराणं. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आपल्या देशातल्या कामगार चळवळीची सुरुवात तिथून मोजतात. त्या वेळी गिरणीत आठवड्याची सुट्टी नव्हती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. मागणी एकच, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. जगातला पहिला कामगार दिन १ मे १८९०, आणि मुंबईची ती सभा त्याच्या बरोबर आठवडाभर आधी. पॅरिसचा ठराव परळच्या चाळीत पोचला होता की नव्हता, मला माहीत असण्याचं कारण नाही. पण ज्या आठवड्यात युरोप रस्त्यावर यायच्या तयारीत होता, त्याच आठवड्यात इथल्या बाया सभेत उभ्या राहून रविवार मागत होत्या. फुलमाळ्याच्या पोराने आणलेला तो रविवार तुम्ही-आम्ही अजून वापरतोय.

भारतात १ मे पहिल्यांदा साजरा झाला तो १९२३ मध्ये, मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर, कामगार नेते सिंगारवेलू यांच्या पुढाकाराने. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

तिसरा थर सगळ्यांना ठाऊक आहे. १ मे १९६०, मुंबईसह महाराष्ट्र. इतकंच लक्षात ठेवा की संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात गिरण्यांमधला कामगार आघाडीवर होता, शाहीर त्याच्या चाळीतले होते आणि गोळ्याही त्यानेच झेलल्या. त्यामुळे "महाराष्ट्र दिन की कामगार दिन?" असा वाद कुणी घातला तर त्यात पडू नका. दोन्ही शुभेच्छा द्या. २०२६ मध्ये तर बुद्धपौर्णिमाही त्याच दिवशी आहे. तिन्ही द्या.

२. आठवडाभर आधीची कामं

पहिलं काम सुट्टीची खात्री. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणांच्या सुट्ट्या आहेत आणि त्यातल्या चार तारखा ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. तेव्हा नवीन नोकरीत "आमच्याकडे १ मे ऐच्छिक आहे" असं कुणी सांगितलं तर गप्प बसू नका. भांडूही नका. एचआरला साधा मेल टाका, "१ मेची सुट्टी आहे ना, आणि बोलावलं तर बदली सुट्टी आणि मोबदला कसा?" उत्तर लेखी आलं की निम्मं काम झालं. अगदी छोट्या दुकानांना हा कायदा पूर्ण लागू होत नाही, तिथे शब्दावरच चालतं.

बँका आणि शेअर बाजार बंद असतात. पैशाचं काही असेल तर आदल्या दिवशी उरका. लोकलला रविवारचं वेळापत्रक आहे का, तेही बघून ठेवा.

घरात शाळकरी मूल असेल तर शाळेला विचारा. आमच्या वेळी झेंडा झाला की वर्गात बसवून प्रगतिपुस्तक हातात द्यायचे. १ मे म्हणजे निकाल. अजूनही बऱ्याच मराठी शाळांत तसंच आहे. माझं १ मेचं सगळ्यात जुनं चित्र तेच आहे. एका हातात गुलाबी पुठ्ठ्याचं प्रगतिपुस्तक, दुसऱ्या हातात मैदानात वाटलेली लिमलेटची गोळी. "वरच्या वर्गात घातले आहे" हे वाक्य वाचल्यावरच ती तोंडात टाकायची. दुपारी बाबांच्या बिल्ल्याशेजारी ते प्रगतिपुस्तक टेबलावर पडलेलं असायचं.

त्याच संध्याकाळी अर्धी चाळ गावाला निघायची. आजही ३० एप्रिल आणि १ मेला खोपट, वंदना आणि स्टेशनजवळच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. त्या दोन दिवसांत तुम्हाला गावी जायचं असेल तर आरक्षण आधीच करा. नसेल, तर एक फायदा सांगते: वर्षभर न मिळणारी रिक्षा त्या दिवशी समोरून येऊन थांबते.

३. सकाळी झेंड्याला जा

जिल्ह्याच्या मुख्य सोहळ्याचं ध्वजारोहण सकाळी ८ वाजता असतं. सगळ्यांना तिथे जाता यावं म्हणून बाकीच्या कार्यालयांनी आपला कार्यक्रम ७.१५ च्या आत किंवा ९ नंतर ठेवावा, असा सरकारी दंडक आहे. सोसायट्याही साधारण तेच पाळतात. मुख्य सोहळा बघायचा असेल तर कुठे आहे ते दोन दिवस आधी स्थानिक पेपरात येतं. संचलन बघायला पोरांना न्या. नवी मुंबईत राहत असाल तर बेलापूरला महापालिकेच्या मुख्यालयासमोरचा उंच ध्वजस्तंभ बघून या, पामबीचवरूनही दिसतो.

राष्ट्रगीताबरोबर आता राज्यगीतही होतं. २०२३ पासून ते अधिकृत आहे. दोन्हीला सावधान उभं राहायचं. शेजारचा मोबाइलवर शूटिंग करत हलत असेल, आपण हलायचं नाही.

सोसायटीत नवीन असाल तर सेक्रेटरी तुमच्यावर काहीतरी काम टाकणारच. खुर्च्या मांडणं घ्या, वडापाव आणणं घ्या. झेंडा बांधणं घेऊ नका. मी घेतलं होतं. घडी नीट केली, आत गुलाबाच्या पाकळ्या भरल्या, वर केशरी आहे ना हे तीनदा बघितलं आणि दोरीला आपली रोजची गाठ मारली, पिशवीला मारतो तशी. आमच्या नव्वदीच्या अध्यक्षांनी दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. राष्ट्रगीत सुरू करायला तोंड उघडलेली चाळीस माणसं तशीच वर बघत उभी. शेवटी वॉचमन काका पुढे आले, झेंडा अलगद खाली घेतला, गाठ सोडली आणि दोन बोटांत सरकफास घालून परत वर चढवला. एका हिसक्यात पाकळ्या खाली. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "बावीस वर्षं कंपनीच्या गेटवर मीच बांधायचो, ताई. ती बंद पडली म्हणून इकडे." त्या दिवशी आम्हा सगळ्यांना सुट्टी होती. काकांची बारा तासांची ड्युटी होती.

सरकफास आदल्या रात्री शिकून घ्या. दोरीचं टोक ओढलं की सुटली पाहिजे, आणि वाऱ्याने सुटता कामा नये.

४. एखाद्या गेटवर उभे राहा

हा भाग पर्यटनाचा नाही, म्हणून जरा जपून. वागळे इस्टेट, कळवा, रबाळे, महापे, तुर्भे अशा पट्ट्यात ज्या कारखान्यांत युनियन आहे, तिथे १ मेला गेटवर बावटा चढतो. पहिल्या पाळीच्या सुमाराला किंवा नऊ-दहाला. युनियनचा फळा रंगवलेला असतो, झेंडूचं तोरण, एक स्पीकर, दोन भाषणं, घोषणा, मग पेढा किंवा समोसा. कुणाचा करार झाला असेल तर गुलालही. बाबा त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे, खिशाला कागदी बिल्ला. एरवी त्यांच्या कपड्यांना कटिंग ऑइलचा वास असायचा, त्या दिवशी चंदनाच्या साबणाचा. दहा वाजता पेढ्याचा पुडा घेऊन यायचे, एकही पेढा न खाता.

कंपनी बंद पडल्यावर हिशेबाचे पैसे यायला सात वर्षं लागली. तरी १ मेला शर्ट इस्त्री व्हायचा. त्यावर मी कधी काही बोलले नाही.

तर गेटवर जायचं असेल तर ओळखीच्या कामगाराबरोबर जा. चपला-बूट ठीक, डोक्यावर टोपी हवी. सगळे बावटे लाल नसतात. सिटू-आयटक या डाव्या संघटनांचा लाल, काँग्रेसच्या इंटकचा तिरंगी, आणि भगवाही असतो. भारतीय मजदूर संघ तर कामगार दिन म्हणून १७ सप्टेंबरची विश्वकर्मा जयंती मानतो, त्यामुळे त्यांच्या गेटवर १ मेला शांतता दिसली तर नवल करू नका. "लाल सलाम" सगळीकडे म्हणायचा नसतो. "शुभेच्छा" कुठेही चालतं.

आणि एक गोष्ट अगदी पक्की. कंत्राटी कामगारांचे चेहरे दिसतील असे फोटो काढून टाकू नका. कायम कामगार बिनधास्त उभा असतो. ठेक्यावरचा पोरगा मागच्या रांगेत अर्धा लपून उभा असतो, कारण दुसऱ्या दिवशी ठेकेदार गेटपास काढून घेऊ शकतो. तुमची एक पोस्ट त्याला महागात पडायची.

५. नाके वाचत फिरा

हे मला सगळ्यात आवडतं आणि याला पैसे पडत नाहीत. तीन हात नाक्यावरून हायवेने मजिवड्याकडे चला. ऊन असतं, तेव्हा रिक्षाने गेलात तरी हरकत नाही. रिक्षावाल्याला फक्त नाव सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका. नितीन कंपनी. कॅडबरी. पुढे गोल्डन डाईज. जुन्या आग्रा रोडकडे वळलात तर कॅसल मिल. ठाण्याच्या नाक्यांना राजे-महाराजांपेक्षा कारखान्यांचीच नावं जास्त चिकटली आहेत. पालिकेने पाट्या कितीही बदलल्या तरी कंडक्टर "नितीन कंपनी, नितीन कंपनी" असंच ओरडतो. पूर्वी इथे पाळी सुटली की उतरणाऱ्यांची झुंबड असायची. आता त्याच नावाच्या थांब्यावर मॉलची पिशवी घेतलेली माणसं उभी असतात. पोखरण रोडला रेमंडची गिरणी होती, तिथे आता टॉवर उभे आहेत.

तिथून वागळे इस्टेटमध्ये शिरा. महाराष्ट्राच्या औद्योगिक विकास महामंडळाचं काम १ ऑगस्ट १९६२ रोजी इथूनच सुरू झालं. इथे रस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि ते क्रमाने लागतील अशी अपेक्षा ठेवू नका. सोळा नंबरवरून बावीस नंबरला जायचं असेल तर चहावाल्याला विचारा, मोबाइलला नाही. सुट्टीच्या दिवशी इथे यायचं कारण एकच, शांतता. एरवी प्रेस मशीनच्या ठोक्यांनी पायाखालची जमीन हलते. त्या दिवशी शेडवरच्या पत्र्यावर बसलेला कावळा ऐकू येतो. पण सगळं बंद नसतं. कान दिलात तर एखाद्या अर्ध्या ओढलेल्या शटरच्या आत लेथ चालू असते.

नवी मुंबईत राहत असाल तर ठाणे-वाशी लोकलने खिडकीत बसून रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असं जा. रुळांच्या एका बाजूला कारखाने आणि आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला सेक्टर, मधेमधे आगरी-कोळ्यांची मूळ गावं. चैत्र-वैशाखात या गावांमधून गावदेवीच्या जत्रा असतात. पालखी दिसली तर वाट द्या, आणि जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका.

६. आंबा कुणाच्या डोक्यावरून आला ते बघा

हे काम १ मेला नको, त्याआधीच्या एखाद्या सकाळी करा. वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीच्या फळबाजारात लवकर जा. एप्रिलच्या शेवटी हापूसचा हंगाम भरात असतो. ट्रकच्या फाळक्याला पाठ लावून माथाडी उभा राहतो, डोक्यावर कापडाची चुंबळ, वरून एकावर एक पेट्या चढतात, आणि तो मान अजिबात न हलवता, फक्त गुडघ्यांतून वाकत गाळ्यापर्यंत जातो. बघताना आपलीच मान अवघडते.

माथ्यावर वाहतो तो माथाडी. या लोकांना मालक एक नसतो, आज या गाळ्यावर, उद्या त्या. म्हणून त्यांची नोंद, मजुरी, भविष्यनिधी असं काहीच नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला: मजुरी बोर्डात जमा होणार, बोर्डातून कामगाराला मिळणार, वर लेव्ही म्हणजे मालकाने भरायची जादा रक्कम, आणि तिच्यातून फंड, बोनस, दवाखाना. असंघटित माणसासाठी असा कायदा तेव्हा देशात नवलाचा होता. घरसामान घेऊन इथे येताना तुमच्या टेम्पोला कुणी "माथाडी" म्हणत अडवलं असेल, तर राग येणं साहजिक आहे. त्या नावाने दमदाटी करणारे आहेत, नोंदणीचं कार्ड विचारा. पण त्या चार जणांवरून फळबाजारातल्या माणसाला तोलू नका.

१ मेला बाजार चालू आहे का, हे जाण्याआधी कुणाला तरी विचारा. माथाड्यांनी सुट्टी घेतली की गाळा उघडा असला तरी पेटी हलत नाही. घेताना देठाजवळ नाक लावून वास घ्या, रंगावर जाऊ नका. वास नसेल तर पेटीवर देवगड कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असो.

ठाण्यात स्टेशनच्या रस्त्यावर येऊरच्या आदिवासी बाया पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. तीही घ्या. घासाघीस करू नका, त्या पहाटे डोंगरातून काट्यांत हात घालून आल्यात. घरी कैरीची डाळ आणि पन्हं. वसंत म्हणतात तो आपल्याकडे असा खायचा असतो.

७. घरी येणाऱ्या मावशींची सुट्टी

नव्याने संसार मांडलेल्यांनी हे विसरू नये. आपण दहापर्यंत झोपणार, नाश्ता उशिरा करणार आणि भांडी घासायला मावशी नेहमीच्या वेळेला येणार. आदल्या दिवशी सांगा, "मावशी, उद्या येऊ नका, पगार कापणार नाही." दुसरं वाक्य मुद्दाम म्हणा, नाहीतर त्या येतात. आमच्या मावशी पहिल्या वर्षी आल्याच होत्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "खरंच नको ना? की दुसरी बघितली?"

त्यांचा वेळ मोकळा असेल आणि त्यांची इच्छा असेल तर एक काम करता येतं. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी यादीतली, नोंदणी मोबाइलवर होते, आधार आणि बँकेचं पुस्तक लागतं. बांधकामावर जाणाऱ्यांसाठी राज्याचं वेगळं कल्याणकारी मंडळ आहे. तिथे वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दाखल्यापाशीच गाडी अडते, कारण नाक्यावरच्या माणसाला रोज वेगळा मालक. तुम्ही घराचं काम काढलं असेल, तर गवंड्याला तेवढ्या दिवसांचं पत्र स्वतःहून लिहून द्या.

८. संध्याकाळी फोर्टात

ऊन उतरलं की ठाण्याहून सीएसएमटीची लोकल धरा. वाशी-बेलापूरहून हार्बरनेही तिथेच जाता येतं. उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला. पुढच्या काळात या लढ्यात शंभराहून जास्त माणसं गेली. सकाळी मंत्री-पुढारी येऊन जातात, संध्याकाळपर्यंत पुष्पचक्रं उन्हाने मलूल झालेली असतात आणि गर्दी नसते. तीच वेळ चांगली.

स्मारकावर दोघं उभे आहेत, शेतकरी आणि कामगार, हातात मशाल. ते बघून झालं की मागे वळा. शेजारच्या कारंज्यावर, सगळ्यात वर, पांढऱ्या दगडाची एक बाई उभी आहे. १८६४ पासून उभी आहे. चौकाचं जुनं नाव तिच्यावरूनच पडलं होतं, फ्लोरा फाउंटन. हीच ती रोमची फ्लोरा, जिच्या उत्सवापासून आपण सुरुवात केली. मी या चौकातून शेकडो वेळा गेले असेन. वर कोण उभं आहे, हे बघायला चाळिशी उलटावी लागली. वसंताची देवी, कामगार आणि महाराष्ट्रासाठी गेलेली माणसं, तिन्ही एका चौकात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. कुणी ठरवून केलेलं नाही.

पायाशी एखादं फूल ठेवायचं असेल तर ठाण्याहूनच घेऊन निघा. सुट्टीच्या दिवशी फोर्टात काही मिळत नाही, चहासुद्धा शोधावा लागतो. आणि परतीला शक्यतो सीएसएमटीहून सुटणारी स्लो पकडा. बसायला जागा मिळेल. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असणारे लोक त्याच गाडीत झोपलेले असतात, त्यांचं स्टेशन आलं की हलवून उठवा.